पापुद्र्याचं भेव

पोळा जवळ आला की मेश्राम बाई वर्गाच्या दारात उभ्या राहून आमचा वास घ्यायच्या. एकेकाला थांबवायचं, खांद्याशी वाकायचं, दोनदा हुंगायचं आणि मगच आत सोडायचं. ज्याच्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास आला त्याच्या हातात त्या आपली साबणाची पत्र्याची डबी द्यायच्या आणि त्याला हातपंपावर पाठवायच्या. हात कोपरापर्यंत, मान, कानामागची जागा. धुऊन आलं की पुन्हा वास. एक मुलगा लागोपाठ तीन दिवस परत पाठवला गेला आणि चौथ्या दिवशी लाजेनं शाळेतच आला नाही. बाई त्याच्या गावी जाऊन त्याच्या आईला ओरडून आल्या आणि मुलाला सायकलवर मागं बसवून घेऊन आल्या.

आमच्या भागात कपाशीवर मारायच्या विषाला सगळे औषधच म्हणायचे, अजूनही म्हणतात. बाईंना त्या शब्दाचा राग होता. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मी तो शब्द लिहिते तेव्हा त्या मागं उभ्या राहून वाचत आहेत असं मला वाटतं.

त्या सौंसरला आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. मी रामाकोन्याची, आणि त्याही रामाकोन्यात स्टेशनामागं एका खोलीत भाड्यानं राहायच्या, म्हणून छोट्या लाईनीच्या गाडीत आमचं रोजचं जाणं-येणं बरोबर होई. अंगानं काटकुळ्या, केस घट्ट बांधलेले, आणि इतक्या भित्र्या की गाडीतल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या. रुळाशेजारच्या वावरात कुणी पंप पाठीवर घेऊन फिरताना दिसला की बाई खिडकी लावून घेत. उकाड्यानं सगळे घामाघूम झाले तरी वावर मागं पडेपर्यंत उघडू देत नसत. साबणानं धुऊन धुऊन त्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. एकदा मी धीर करून विचारलं की अशा फाटलेल्या हातांतून तर जास्तच आत जात असेल. त्यांनी हात पदराखाली घेतले.

"मले समजत नाही काय ते," त्या म्हणाल्या. "मुलायले मीच शिकवतो ना. पन हात आयकत नाहीत, पोरी."

आमचा भाग हिंदी राज्यात, म्हणून आमचं पुस्तक हिंदीत होतं. त्यात 'कोशिका झिल्ली', म्हणजे पेशीचं आवरण, असा मोठा धडा होता, आणि घरी मराठी बोलणाऱ्या आम्हा मुलांना त्यातलं अर्धं कळत नसे. बाईंनी पुस्तक मिटलं, पिशवीतून कांदा काढला आणि त्याचा पापुद्रा सोलून उजेडात धरला. जिवंत शरीराचा कण न् कण अशा पापुद्र्यात बांधलेला असतो, त्या सांगू लागल्या. तो इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, पण काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे तोच ठरवतो. आणि तो पापुद्रा तेलकट असतो.

"म्हनून पानी दारात उभं राहते," बाई म्हणाल्या. "त्याले वेगळी वाट पाहिजे. पन तेलात विरघळनारं जे आहे, ते घरच्या पाहुन्यासारखं सरळ चुलीपाशी जाऊन बसते. कोनी अडवत नाही त्याले."

मग त्यांनी विचारलं की फवाऱ्याचं औषध पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं का होतं.  ते तेलात कालवलेलं असतं, पांढरं दिसतं ते त्या तेलाचे थेंब, असं सांगून त्या आमच्याकडे बघत राहिल्या. आम्ही मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं. परीक्षेत येण्यासारखं ते नव्हतं, हे आम्हाला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर त्यांनी आज लसूण कुणी खाल्ला नाही असं विचारलं. मी हात वर केला आणि फसले. बाईंनी लसूण ठेचला, थोड्या तेलात कालवला आणि माझ्या तळपायांना चोळायला लावला. वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मी बाकाखाली पाय लपवून बसले आणि बाई पुढं शिकवत राहिल्या. पोरं माझ्याकडे पाहून दात काढत होती. तास संपत आला तेव्हा बाईंनी मला उभं करून तोंडाला कशाची चव येते असं विचारलं. मी सांगणार होते की कशाचीच नाही. जीभ हलवली आणि घाबरले, कारण तोंडात लसूण होता. मी तोंडात काही घातलं नव्हतं, बाकावरून उठले नव्हते, तरी घशापर्यंत लसूण होता. वर्ग खो खो हसला.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "तिनं तोंड उघडलं नाही, तरी आत गेलं. लसून होता म्हनून हसून राहिले तुमी. कातडी म्हंजे भिंत नोहे. पापुद्रा आहे. पापुद्र्याचं भेव ठेवा लागते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. भेव ठेवा. इतर मास्तर आम्हाला धीट व्हा म्हणायचे, बाई भ्यायला शिकवायच्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा त्या आमच्या घरी आल्या, मला पुढं शिकवा हे बाबांना सांगायला. मायनं चहा केला तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कानतुटक्या कपात. तो कप कुणासाठी असतो ते मला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण बाईंचं कपाकडे लक्ष नव्हतं. त्या ओसरीतल्या खुंटीकडे पाहत होत्या. खुंटीला बाबांचा फवारणीचा पंप होता आणि त्याच्या पट्ट्यात पोत्याची एक घडी अडकवली होती. आमच्याकडे सगळेच अशी घडी वापरत. पितळेचा भरलेला पंप दिवसभर पाठीवर घासून कातडं सोलवटतं, म्हणून पाठ आणि पंप यांच्यामध्ये पोतं घ्यायचं.

बाईंनी बाबांना ते पोतं जाळून टाकायला सांगितलं. बाबांनी हसत पाठीवर हात फिरवला आणि पोतं आहे म्हणून पाठ आहे असं उत्तर दिलं.

"भाऊ, पंप गळते. ते पोतं पेते. अन् मंग दिवसभर पोत्यातून तुमची पाठ पेते."

बाबांना हे इतकं आवडलं की पुढं कित्येक दिवस घरात तीच थट्टा चालली. जेवायला बसले की ते मायला म्हणायचे, आधी पाठीला वाढ, तिला भूक लागली. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांना मात्र हसू आलं नाही. आता मेश्राम बाई आपल्या लेकरांचा वास घेणार का, असं ते म्हणाले. त्या वाक्यात 'मेश्राम' या शब्दावर जो जोर होता तो सगळ्यांना कळला आणि कुणीच काही बोललं नाही. मीही बोलले नाही. मी तेव्हा अकरावीत होते आणि बोलण्याइतकी मोठी होते.

त्याच वर्षीच्या भादव्यातला तो रविवार होता. सकाळी भाजीत मीठ जास्त झाल्यावरून मायबाबांची चांगलीच जुंपली. जेवायचं नसेल तर उपाशी जा, असं माय म्हणाली आणि बाबा खरंच ताटावरून उठून पंप घेऊन वावरात गेले. दुपारच्या आत परत आले. पंप अंगणातच टाकला आणि ओसरीवर बसले. डोळ्यांपुढं धुकं आलं म्हणाले, मग ओकले, मग त्यांच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि ती पुसायला त्यांचा हात वर येईना. आम्ही त्यांना बाजेवर निजवलं. अंग गार, घामानं थबथबलेलं. हिव भरलं, तेल गरम करून आण, असं माय म्हणाली. मी जवसाच्या तेलात ओवा आणि लसूण टाकून कडकडीत केलं, जसं आमच्या घरी कुणाला हिव भरलं की करतात, आणि वाटी घेऊन आले. तळपायांना चोळलं. मग बाबांना कुशीवर करून ओल्या सदऱ्याखाली हात घातला आणि पाठीला चोळायला लागले.

तोवर अंगणात माणसं जमली होती. औषध पेला वाटते, असं कुणीतरी हलक्या आवाजात बोललं. घरात काही झालं होतं का, असं एका बाईनं मायला विचारलं, आणि मायचा चेहरा मी पाहिला. तिनं तोंडावर पदर घेतला आणि मटकन खाली बसली. मोठेबाबा मिठाचं पाणी घेऊन आले आणि ओकारी काढायला बाबांचे दात उचकटायला लागले. मी चोळतच होते. बाबांना ऊब यावी म्हणून जोर लावून चोळत होते. मग हाताचा वास नाकात गेला, लसूण आणि त्याच्यात मिसळलेला फवाऱ्याचा उग्र वास, आणि माझ्या तोंडात शाळेतल्या त्या दिवसाची चव आली. मी काय करते आहे ते मला कळलं. मी माझ्या हातांनी ते बाबांच्या आत घालत होते.

वाटी कुठं पडली मला आठवत नाही. मी अनवाणी स्टेशनामागं बाईंच्या खोलीकडे पळाले.

बाई डबी आणि पिशव्या घेऊन माझ्याबरोबर पळत आल्या, पण आमच्या फाटकाशी येऊन थांबल्या. आतून वास येत होता. त्यांनी फाटकाचा खांब धरला, त्यांचे ओठ पांढरे झाले होते, आणि एक क्षण मला वाटलं की या परत जाणार. मग त्या अंगणातून सरळ ओसरीतल्या बाजेपाशी गेल्या. मोठेबाबा वाट अडवून म्हणाले की तो पेलेला आहे, त्याला आधी ओकू द्या.

"तोंडाचा वास घ्या," बाई म्हणाल्या.

कुणी पुढं झालं नाही. तेव्हा बाई स्वतः वाकल्या आणि जसा आमचा खांदा हुंगायच्या तसं त्यांनी बाबांचं तोंड हुंगलं, दोनदा. मग पाठ.

"तोंडाले वास नाही. पाठीले आहे. विळा आना, सदरा कापा लागते."

विळा मी दिला. सदरा कापून काढला तेव्हा बाबांची पाठ पोत्याच्या घडीएवढी चौकोनी लाल झालेली दिसली, सगळ्या अंगणानं पाहिली. तेल कुणी लावलं, असं बाईंनी विचारलं. मी लावलं म्हणून सांगितलं. त्यांनी आधी माझे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. मग बरोबर आणलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या हातांवर चढवल्या आणि मनगटाला दोऱ्यानं बांधल्या. त्यांच्यासाठी पिशव्या उरल्या नाहीत. त्या भेगाळलेल्या हातांनी त्यांनी बाबांचं अंग साबण लावून धुतलं, पाठ, पाय, केस, नखांच्या खाचा. मोठेबाबा विहिरीवरून पाणी आणून देत होते. मी त्यांना इतकं मुकाट्यानं कुणाचं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. बाई धुता धुता सारखं एकच पुटपुटत होत्या, सदरा काढला नाही, सदरा काढला नाही. मला वाटलं त्या बाबांबद्दल बोलताहेत.

एका संत्राव्यापाऱ्याची जीप मिळाली. सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. काय पेला, असं त्यांनी विचारलं. बाई पुढं होऊन म्हणाल्या, पेला नाही, पाठीतून गेलं. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सुई भरायला घेतली. दर थोड्या वेळानं एक सुई, पुन्हा बाहुल्या पाहायच्या, पुन्हा सुई. बाबा जगणार की नाही हे कुणी सांगत नव्हतं आणि मी विचारत नव्हते, कारण उत्तरात माझे हात येतील अशी मला भीती वाटत होती. बाईंनी ते ओळखलं असावं. दवाखान्याच्या व्हरांड्यात नळाखाली हात धरून त्या उभ्या होत्या. भेगांतून त्यांच्याही अंगात गेलं असेल म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही घरी जाऊ दिलं नव्हतं.

"तू तेल लावलं अन् तूच थांबली," त्या म्हणाल्या. "माह्या घरी थांबून वास घ्याले कोनी नव्हतंच."

मग त्यांनी भावाचं सांगितलं. पांढुर्ण्यात जाम नदीकडे त्यांचं थोडं वावर होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव गोटमारीला, म्हणजे दोन काठांवरून दगडफेक खेळतात त्या जत्रेला, नदीवर लोटतं. भावालाही जायचं होतं. आधी फवारणी कर, मग जा, असं म्हणून आईनं त्याला वावरात धाडलं. पोरानं लवकर सुटण्यासाठी घाईघाईनं सगळं वावर एकट्यानं मारलं, ओलाचिंब घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. अंगावर तोच सदरा. नदीवरून आरडाओरडा ऐकू येत होता, शेजारपाजारी कुणी नव्हतं. आईला वाटलं, रुसला आहे, पडू दे. बाई तेव्हा शिकायला बाहेरगावी होत्या. त्या पोहोचल्या तेव्हा सगळं झालेलं होतं आणि गाव म्हणत होतं की जत्रेला जाऊ दिलं नाही म्हणून मेश्रामांच्या पोरानं विष पेलं. आईनंही ते मानलं. पुढं बाईंनी पुस्तकं आणून दाखवली, पापुद्रा समजावला, सगळं करून पाहिलं. आई म्हणायची, तू शिकलेली, तू मले बरं वाटावं म्हनून सांगून राहिली.

तिसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले आणि त्यांनी भाकर मागितली. माय इतकी रडली की नर्सनं तिला बाहेर काढलं. मी बाबांना तेलाचं सांगितलं आणि मग बाईंच्या भावाचंही सांगितलं.  त्या माउलीकडे मले घेऊन चाल, असं बाबा म्हणाले.

दिवाळी झाल्यावर बाई, बाबा आणि मी असे तिघं बसनं पांढुर्ण्याला गेलो. बाईंचं घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांची आई खाली बसून गहू निवडत होती. बाबांनी पाणी मागून घेतलं आणि प्याले. आमच्या घरातला कानतुटका कप मला तेव्हा आठवला. मग बाबा त्या म्हाताऱ्या बाईसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, पंप, पोतं, धुकं, लाळ. शेवटी सदरा काढून पाठ तिच्याकडे केली. चौकोनाचा डाग अजून पुरता गेला नव्हता. तिनं त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तुमी घरून भांडून गेले होते म्हंता?" तिनं विचारलं.

"हाव. जेवलो बी नव्हतो."

"मंग राग होता तुमच्या मनात."

"वावरात पोचेपर्यंत होता, माय," बाबा म्हणाले. "मंग भूक लागली. घरी आलो ते भाकर मागाले आलो होतो. जीभ हालली नाही म्हनून मागता नाही आली."

म्हातारीनं सुपातले गहू एकदा हातानं सारखे केले. तिचा चेहरा पाहायची मला भीती वाटली म्हणून मी बाईंकडे पाहिलं. बाई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या होत्या, आमच्या फाटकाशी थांबल्या होत्या तशाच.

"मंग तो रुसला नव्हता," आई म्हणाली. "त्याले बोलाचं होतं. तो रुसला नव्हता माह्यावर."

बाई आतल्या मोरीत गेल्या. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग साबणाच्या डबीचं झाकण उघडल्याचा. मी मागोमाग गेले. त्या हात धूत होत्या, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, आणि त्या दिवशी त्यांच्या हातांना काहीच लागलेलं नव्हतं. मी त्यांच्या हातांवर पाणी घालत राहिले.